सतरा नंबरचे सहा पेले

बाईंचा हात चुकत नाही, असं त्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं म्हटलं जायचं, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ तिथंच होतं. स्तुती माणसाची करावी, हाताची करू नये. हात बिचारा आपलं काम करतो, डोकं मात्र चढून बसतं.

बाईंची जागा तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या शेवटी होती. एकच खिडकी, आणि तीही समोरच्या इमारतीच्या पाइपांकडे उघडणारी. काचेच्या पेटीत हात घालून, डोळ्यांत तेल घालून, बाई मूत्रपिंडाच्या पेशी वाढवायच्या. पेशी वाढायच्या अंगठ्याच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या पेल्यांत. या पेल्यांना तळ नसतो, तळाच्या जागी कागदाहून पातळ चाळणी ताणलेली असते. पेला गुलाबी द्रवात बसवायचा आणि चाळणीवर पेशी सोडायच्या. चार-पाच दिवसांत त्या कडेला कड लावून फरशीसारख्या घट्ट बसतात. आणि मग, कुणी न सांगता, त्यांना वर-खाली कळायला लागतं.

शरीरातही त्यांचं तसंच असतं. मूत्रपिंडातल्या बारीक नळीच्या भिंतीत बसलेल्या प्रत्येक पेशीला दोन तोंडं. एका तोंडासमोरून मूत्र वाहतं, दुसऱ्याच्या मागून रक्त. मीठ, साखर, पाणी यांची ने-आण करणारी प्रथिनं पेशी आपल्या पोटात तयार करते, आणि त्यांतलं कुठलं पुढच्या पडद्यात बसवायचं, कुठलं मागच्या, हे तिला बिनचूक ठाऊक असतं. प्रथिनाच्या शेपटीवरच पत्ता लिहिलेला असतो म्हणा ना. पाण्याची वाट उघडणारं एक प्रथिन आहे, ते पुढे, मूत्राच्या बाजूला जायला हवं. गेलं, की वाहून चाललेलं पाणी पेशी आत ओढून घेते आणि रक्ताला परत देते. नाही गेलं, तर पाणी सरळ वाहून जातं आणि माणूस घागरभर प्यायला तरी तहानलेलाच राहतो.

पेल्यात वरची बाजू मूत्राची, खालची रक्ताची. बाई कामाला बसल्या की पुटपुटायच्या, "वर मूत्र, खाली रक्त." तीस वर्षांत हे म्हटल्याशिवाय त्यांनी एकही पेला उचलला नव्हता. घरीही हीच तऱ्हा. फ्रिजच्या फळ्यांवर पट्ट्या चिकटवलेल्या, कपाटाच्या खणांवर पट्ट्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, "या घरात बिनपट्टीचा मीच एक उरलोय. मलाही एक दिवस चिकटवणार आहे ही."

नऊ वर्षांपूर्वी सतरा नंबर आला.

नंबर म्हणजे एक मुलगी होती. पण प्रयोगशाळेत माणसं येत नाहीत, नंबर येतात. अकरा वर्षांची मुलगी, रात्रंदिवस पाणी पिते, सारखी लघवीला जाते. साखरेचा आजार नव्हता. बाकीच्या तपासण्या ना धड इकडे, ना धड तिकडे. पाण्याच्या प्रथिनाच्या शेपटीत मात्र एक बारीकसा बदल सापडला होता. हा बदल निरुपद्रवी, की त्यानं पत्ताच चुकतोय, एवढंच इस्पितळाला विचारायचं होतं. सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, मुलीचं ते प्रथिन पेशींमध्ये घालून घेतलं आणि पेशी बाईंच्या हवाली केल्या.

सहा पेले. तीन पेल्यांत खुणेचं औषध वरून घालायचं, तीन पेल्यांत खालून. ज्या बाजूला प्रथिन असेल, त्या बाजूच्या औषधानं त्याला खूण लागते, आणि मग फिल्मवर काळी रेघ उमटते. अशा कामात एक साक्षीदारही ठेवतात. साक्षीदार म्हणजे कायम खालच्याच बाजूला राहणारं, ठाऊक असलेलं दुसरं एखादं प्रथिन. तेही त्याच पेल्यांत तपासायचं. त्याची रेघ भलत्या ठिकाणी दिसली, की समजायचं, करणाऱ्यानं वर-खाली केलंय. पण तिथली रीतच पडून गेली होती, की काम बाईंचं असेल तर साक्षीदार नको. सर म्हणायचे, "हातच्या काकणाला आरसा कशाला?" बाई वरवर नको नको म्हणायच्या आणि आतून सुखावायच्या.

त्या दिवशी वरचे तीन झाले आणि फोन वाजला. बाईंची आई न्हाणीघरात घसरून पडली होती. बाई बोलून परत आल्या, पुटपुटल्या, खालचे तीन केले, पेले उचलून बर्फात ठेवले आणि बस धरली. दोन दिवसांनी फिल्म हातात आली. रेघ खालच्या तीन पेल्यांत होती. वर पुसटसुद्धा नाही.

पाण्याचं प्रथिन खाली? बाईंना शंका आली ती स्वतःची. फोन आला तेव्हा कुठले तीन झाले होते? पेल्यांवर आकडे आधी घातले की नंतर? आठवायला गेल्या तर डोळ्यांपुढे नुसती आई दिसायची, ओल्या फरशीवर आडवी पडलेली. आपणच गडबड केली, याबद्दल त्यांची खात्री पटली. परत करायचं तर पेशी वाढवण्यापासून दोन आठवडे लागणार. इस्पितळातून तिसऱ्यांदा विचारणा आलेली. आणि सरांना सांगायचं काय? की बाईंचा हात चुकला?

त्यांनी पेन घेतलं. फिल्मच्या कडेला जिथं "खाली" लिहायचं तिथं "वर" लिहिलं, आणि "वर"च्या जागी "खाली".

एक सांगतो, त्यांनी खोटं लिहिलं असं त्यांना तेव्हा वाटलं नाही. चूक दुरुस्त केली, असंच वाटलं. सवडीनं पुन्हा करून बघू, असंही मनाशी ठरवलं. पण आई महिन्याभरात गेली, आणि सवड जी हुकली ती हुकलीच. इस्पितळाला कळवलं गेलं, प्रथिन योग्य जागी जातंय, बदल निरुपद्रवी आहे. म्हणजे इस्पितळाच्या लेखी ती नुसती पाणी पिण्याची सवय ठरली.

मनात कुठंतरी कुसळ राहिलंच असणार. खाई त्याला खवखवे. कारण त्यानंतर बाईंनी साक्षीदाराशिवाय एकही काम केलं नाही. सर हसायचे, "काय बाई, वय झालं वाटतं?" बाईही हसायच्या.

नऊ वर्षं गेली. बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. बुधवारच्या बैठकीत सरांनी परदेशातलं एक काम वाचून दाखवलं. दुसऱ्याच कुठल्या घराण्यातली माणसं, शेपटीत जवळपास तसाच बदल, आणि पाण्याचं प्रथिन वर जायचं ते खाली. एवढ्यावरच भागत नाही. ही प्रथिनं चौघा-चौघांच्या गटानं राहतात. त्यांत एक जरी बिघडलेलं असलं, तरी ते चांगल्या तिघांना हाताला धरून भलत्या बाजूला ओढून नेतं. सर म्हणाले, "आपल्याकडे असा कुणी सापडला तर शोधायला हवं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सापडलेला माणूस सतरा नंबरच्या पेशींच्या रूपात त्यांच्याच टाकीत नऊ वर्षं गोठून पडला होता. बैठक संपली तरी बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नायट्रोजनच्या टाकीतून सतरा नंबरची कुपी काढली, पेशी वितळवल्या आणि वाढवल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, जुनं आवरतेय. सहा पेले, तीन वरून, तीन खालून, आणि या खेपेला साक्षीदार. फिल्म आली. साक्षीदाराची रेघ खाली, जिथं असायला हवी तिथंच. आणि त्याच पेल्यांत पाण्याच्या प्रथिनाची रेघ. वर काहीच नाही.

म्हणजे नऊ वर्षांपूर्वी हात चुकला नव्हता. चुकलं होतं ते पेन.

संध्याकाळी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि बराच वेळ पुसत बसले.

"अहो, काहीतरी बोला."

"काय बोलू? बंद पडलेल्या घड्याळाचं मला कधी भय वाटत नाही. बंद आहे हे दिसतं, लोक दुसऱ्याला वेळ विचारतात. जे चालतंय पण चुकीचं चालतंय, ते माणसाला गोत्यात आणतं. त्याच्यावर विश्वास असतो ना."

"सांगायला लागेल."

"हो. आणि तू सांगशील." मग म्हणाले, "मी येऊ का बरोबर?"

"नको. पेन माझं होतं."

सरांनी दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या. जुनी, नवी, परत जुनी. बाईंनी फोनपासून पेनपर्यंत सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. सर खाली बसले.

"बाई, आपण असं लिहू, की नव्या तपासणीत वेगळा निष्कर्ष आला. ते खोटं नाही. जुनं कशाला उकरायचं? चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय."

"सर, वरचं खाली मी केलं. ते कागदावर आलंच पाहिजे. नाहीतर हीसुद्धा एक दुरुस्तीच झाली की."

सरांनाही आपला आरसा आठवला असावा. त्यांनी पत्र लिहिलं, त्यात जे घडलं ते लिहिलं, साक्षीदार नको असं आपणच म्हणायचो हेही लिहिलं, आणि सही केली. इस्पितळानं मुलीच्या वडिलांना दोनदा बोलावणं पाठवलं. कारण समोरासमोर सांगू, एवढंच त्यात होतं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. "तुमचं एकदा ऐकलं, तेवढं पुरे झालं."

म्हणून बाईच त्यांच्या घरी गेल्या. इस्पितळातल्या डॉक्टरांनी आधी फोनवर विचारून घेतलं होतं, आणि या वेळी फोन मुलीनं उचलला होता. ती म्हणाली होती, "येऊ द्या."

दुसरा मजला, जिन्याशेजारचं दार. मुलगी आता वीस वर्षांची होती. अंगानं बारीक, ओठ सुकलेले, खांद्याला पट्ट्यानं अडकवलेली मोठी बाटली. घरातल्या घरात बाटली. ती घरीच बसून लोकांचे हिशोबाचे नि इतर कागद टाइप करून द्यायची, कारण कचेरीत बसायचं तर दर तासाला उठावं लागतं आणि साहेब घड्याळ बघतात. वडील पूर्वी टपाल वाटायचे. आयुष्यभर बरोबर पत्त्यावर पत्रं टाकलेला माणूस. ते दाराकडे पाठ करून खुर्चीत बसले होते.

बाईंची नजर स्वयंपाकघराच्या दारावर गेली. चौकटीला कडी-कोयंड्याची चार भोकं होती. कोयंडा काढून टाकलेला, भोकं मेणानं बुजवलेली, वरून रंग फासलेला. तरी दिसत होती.

बाईंनी प्रस्तावना केली नाही. बसासुद्धा कुणी म्हटलं नव्हतं, उभ्यानंच सांगितलं. पेशीची दोन तोंडं, पाण्याचं प्रथिन, शेपटीतला पत्ता. आईचा फोन. पेन. "तुम्हांला जे कळवलं गेलं ते चूक होतं. हिचं पाणी पिणं ही सवय नव्हती. हिच्या शरीरात पाणी थांबतच नव्हतं. ती मागत होती ते तिला हवंच होतं. आणि हे नऊ वर्षं कुणाला कळलं नाही ते माझ्यामुळे."

मुलगी हलली नाही. वडील मात्र वळले.

"सवय आहे, असं डॉक्टर म्हणाले होते," ते म्हणाले. आवाज एकसुरी होता, पाठ केल्यासारखा. "तपासणीत काही निघालं नाही. लाड करू नका. दिवसाला सहा पेले, त्यावर एक थेंब नाही. महिन्याभरात सुटेल. हिची आईसुद्धा अशीच पाणी प्यायची, आम्ही हसायचो तिला, तलाव म्हणायचो. ती गेली तेव्हा ही चार वर्षांची. मला वाटलं, आईची खोड उचललीय पोरीनं. आईविना पोर, लाडानं बिघडायला नको. मी स्वयंपाकघराला कुलूप घातलं, न्हाणीघराचा नळ बंद केला, शाळेतही सांगून ठेवलं."

त्यांनी दाराच्या चौकटीकडे बोट केलं.

"फुलदाणीतलं पाणी प्यायली एकदा. कुजलेलं. न्हाणीघरातला ओला पंचा चोखताना सापडली. मी मारलं तिला. पाय धरले हो तिनं माझे. बाबा, अर्धा पेला, म्हणाली. मी मोजून सहा दिले होते. मी नियम मोडला नाही. तिसऱ्या आठवड्यात शाळेत कोसळली. आठ दिवस शुद्ध नव्हती. घरी आणल्यावर कुलूप काढलं मी, पण डॉक्टरचं ऐकलं नाही याची टोचणी लागून राहिली. अजूनपर्यंत वाटत होतं, मीच कच्चा पडलो. आणखी एक आठवडा धीर धरला असता तर पोरगी सुधारली असती."

येताना बाईंनी मनाची तयारी केली होती ती मुलीसाठी. शिव्या देईल, हाकलून देईल, देऊ दे. मुलगी खोटी ठरली होती, ती आज खरी ठरेल, असं त्यांनी धरलं होतं. पण तिला खरं ठरवणारं प्रत्येक वाक्य या म्हाताऱ्याच्या छातीत जाऊन रुततंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. एक बिघडलेलं, आणि चांगल्यांनाही हाताला धरून ओढत नेलेलं. बाई रडू लागल्या. आपल्याला रडायचा हक्क नाही हे त्यांना कळत होतं, तरी डोळे थांबेनात.

मुलीनं त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"बसा. मी तुम्हांला माफ केलं, असं म्हणणार नाही. तसं वाटलं नाही तर खोटं कशाला बोलू? नऊ वर्षं मला सगळे खोटारडीच म्हणत होते, मला आता खोटं नको." तिनं बाटलीतून दोन घोट घेतले. "पण एक काम करा. हे सगळं लिहून द्या. तुमच्या हातानं."

"सरांनी पत्र दिलंय. सही-शिक्क्यासकट आहे."

"ते इंग्रजीत असेल, आणि डॉक्टरांसाठी. मला मराठीत पाहिजे. त्यात तुमची चूक लिहा. आणि असं लिहा, की बाबांना जे सांगितलं गेलं तेच त्यांनी केलं. माणसानं ऐकावं तसं ऐकलं. ते मी दहादा सांगितलं तरी यांना पटायचं नाही. तुम्ही लिहिलेलं पटेल. कागद खरा मानायची सवय आहे यांना."

बाईंनी पिशवीतून पेन काढलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या काही न पुटपुटता लिहू लागल्या. फिल्मवर खाली होतं ते मी वर लिहिलं. मुलगी खरं बोलत होती. तिची आईही बहुधा खरीच तहानलेली होती. वडिलांना चुकीचं सांगण्यात आलं, त्यांनी ते खरं मानलं, यात त्यांचा दोष नाही. खाली तारीख आणि पूर्ण नाव.

मुलीनं कागद घेतला आणि वडिलांसमोर उकिडवी बसून वाचून दाखवला. एकदा. मग "दोष नाही" ही ओळ पुन्हा. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. हात गुडघ्यांवर उपडे ठेवलेले, नजर चौकटीतल्या त्या चार भोकांवर.

मग ते उठले. स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला. परत आले तेव्हा दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला पेला होता, आणि पाणी बोटांवरून जमिनीवर सांडत होतं.

पाहुणीला दिला नाही. मुलीच्या पुढे धरला.

"सातवा आहे," ते म्हणाले.

मुलीच्या खांद्याला अर्धी भरलेली बाटली होती. आत्ताच दोन घोट घेऊन झाले होते. तिनं बाटली बाजूला ठेवली, पेला घेतला आणि तळ दिसेपर्यंत प्यायली. ते शेजारी उभे राहून बघत होते. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि विचारलं, "अजून आणू?"